स्पंज फिल्टर, १४ महिन्यांनंतर

आमच्या टाकीतला सगळ्यांत मोठा मासा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे. जेमतेम दीड सेंटिमीटर. दुकानात त्याला चिली रासबोरा म्हणतात, शास्त्रीय नाव बोरारास ब्रिगिटे. अंग लाल, कल्ल्यामागून शेपटीकडे जाणारी काळी रेघ, शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका. असे १५ आहेत. फिल्टरबद्दल लिहायचं तर आधी माशांचं माप सांगायलाच हवं, कारण माझ्या मते छोट्या टाकीतल्या फिल्टरची सगळी परीक्षा तिथेच होते. गप्पीसाठी चांगला असलेला फिल्टर या माशांसाठी चांगला असेलच असं नाही. मला हे तीन मासे गमावल्यावर कळलं.

मी ज्याबद्दल लिहितेय तो जोडस्पंजाचा साधा फिल्टर आहे. मधे उभी प्लास्टिकची नळी, तिच्या दोन बाजूंना मुठीएवढे दोन काळे स्पंज, मागे काचेला चिकटवायची रबरी वाटी. त्यात मोटर नाही, वीज नाही. टाकीबाहेरचा एअर पंप बारीक नळीतून हवा पाठवतो आणि ती उभ्या नळीत बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. हवा मिसळलेलं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हलकं होतं, वर चढतं, आणि त्याची जागा भरायला खालून स्पंजातून पाणी ओढलं जातं. संपूर्ण यंत्र म्हणजे एवढंच. थोड्याफार फरकाने ही रचना सगळेच बनवतात, म्हणून मी इथे कंपनीचं नाव घेत नाही. जे लिहितेय ते या प्रकाराबद्दल आहे. टाकी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. खालची वाळू, लाकूड आणि झाडं वजा जाता पाणी ३५ लिटरच्या आसपास भरतं.

आधी आमच्याकडे तयार संच होता. काचेची टाकी, वर दिवा आणि मागच्या बाजूला काळ्या पडद्याआड बांधूनच दिलेला फिल्टर. पडद्याला उभ्या फटी. त्यातून पाणी मागच्या कप्प्यात जाणार, तिथे फोम आणि सिरॅमिकच्या नळ्या, मग छोटा पंप ते पाणी परत पुढे फेकणार. दिसायला फार सुबक. पुढून बघितलं तर यंत्राचा काही मागमूसच नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं की हा संच अगदी छोट्या माशांसाठी आहे. मी विश्वास ठेवला. टाकी रिकामी चालवून पाणी तयार केलं, अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्यं शून्यावर आल्याची खात्री केली आणि मग १६ मासे आणले.

दुकानातून येतात तेव्हा हे मासे पुरते वाढलेलेही नसतात. आमचे सेंटिमीटरभर असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा मुलगा म्हणाला, "आई, चौदाच दिसतायत." मी म्हटलं, झाडांमागे असतील. या माशांची मोजदाद अवघड असते, दोनदा मोजलं तर दोन वेगळे आकडे येतात. त्याने मग एक युक्ती काढली. खाणं टाकलं की सगळे पुढे येतात, तेव्हा तो दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा आणि मग तो थांबवून एकेकावर बोट ठेवत मोजायचा. त्या दिवशीही १४. संध्याकाळी मी मागच्या कप्प्याचं झाकण उघडलं. एक मासा कप्प्याच्या तळाशी होता, मेलेला. दुसरा फटीतच अडकलेला होता, डोकं आत आणि शेपूट बाहेर. चिमट्याने काढताना त्याचे कल्ले हलले असं मला वाटलं, पण तो वाचला नाही. फट मोजली तर तीन मिलिमीटर भरली. आडव्या बाजूने या माशाची जाडी तेवढीसुद्धा नसते.

मी फटींवर पातळ मोज्याचं कापड ताणून बांधलं. दोन दिवसांत कापडावर गाळ आणि शेवाळाचा थर बसला, पाणी आत जाईना. मागच्या कप्प्यातली पातळी उतरली आणि पंप हवा ओढायला लागला. रात्री दीडला घरघर ऐकून उठले तेव्हा पंप जवळजवळ कोरडाच फिरत होता. कापड काढलं तर मासे जाणार, ठेवलं तर पंप जळणार. या ओढाताणीत तिसरा मासा गेला. मी संच विकणाऱ्यांना फटीचं माप कळवलं. उत्तर आलं की मासे मोठे झाले की ही अडचण राहणार नाही.

यातल्या दुसऱ्या दोषाकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. माझ्या दृष्टीने तो फटीपेक्षाही मोठा आहे. तो पंप ताशी ३०० लिटर पाणी फेकत होता. म्हणजे टाकीतलं सगळं पाणी तासाला आठेक वेळा फिरणार. कागदावर हे छान वाटतं. पण चिली रासबोरा येतो बोर्निओच्या नैर्ऋत्य भागातल्या दलदलीच्या जंगलांतून. तिथे झाडांची पानं शतकानुशतकं पाण्यात कुजत पडतात, पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं आणि ते वाहतं की नाही हेही पटकन कळत नाही. अशा संथ पाण्यातला मासा आमच्याकडे दिवसभर प्रवाहाला तोंड देऊन शेपटी हलवत जागच्या जागी टिकून राहायचा. मला वाटायचं, वा, किती चपळ आहेत! प्रत्यक्षात ते दमत होते. थवा असा नव्हताच. चार-पाच जण लाकडाच्या आडोशाला, दोन-तीन जाड पानामागे, उरलेले खालच्या कोपऱ्यात. रंग फिका, गुलाबीसर.

बोरारास हे नाव म्हणजे रासबोरा या नावातल्याच अक्षरांची उलटापालट. १९९३ साली कोटेलाट आणि विद्यायनोन या दोघांनी या चिमुकल्या माशांची रासबोरातून काढून वेगळी प्रजात केली. धडाच्या आणि शेपटीच्या मणक्यांचं प्रमाण रासबोराच्या उलट आहे, म्हणून अक्षरंही उलटीपालटी केली. मला हे नाव ठेवण्याची रीत फार आवडते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातून एक गोष्ट कळते. हा मासा रासबोराची छोटी आवृत्ती नाही, त्याची घडणच निराळी आहे. मोठ्या माशाचा फिल्टर आकाराने लहान केला म्हणजे तो या माशाचा होत नाही.

स्पंज फिल्टर आणला पण एका रात्रीत बदल केला नाही. नव्या स्पंजात काही नसतं, तो नुसता फोम असतो. खरं काम त्यात राहायला येणारे जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं ते नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानाने निरुपद्रवी आणि पाणी बदलताना काढून टाकता येतं. ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात. म्हणून मी फटींमध्ये जाड भोकांच्या फोमच्या पट्ट्या खोचल्या, त्या एक दिवसाआड धुतल्या आणि पाच आठवडे दोन्ही फिल्टर एकत्र चालवले. शिवाय जुन्या फिल्टरचा फोम टाकीतल्याच पाण्यात पिळला आणि ते तपकिरी पाणी नव्या स्पंजावर ओतलं. टाकी दोन तास गढूळ झाली, मुलगा घाबरला, पण याने वस्ती लवकर बसते. पाच आठवड्यांनी जुना पंप बंद केला आणि पुढचे दहा दिवस रोज पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

बसवताना एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. कोरडा स्पंज हवेने भरलेला असतो, पाण्यात सोडला की बुचासारखा वर येतो. तो पाण्याखाली धरून आठ-दहा वेळा पिळायचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मागची रबरी वाटी मात्र साफ कमी पडली. चौथ्या महिन्यात ती कडक झाली आणि एका सकाळी फिल्टर झाडांवर आडवा पडलेला होता. तेव्हापासून मी तो एका सपाट दगडाला नायलॉनच्या दोऱ्याने बांधला आहे. घेताना खाली वजनदार बैठक असलेला मिळाला तर तोच घ्या.

आता आवाजाबद्दल. टाकी माझ्या सासऱ्यांच्या खोलीत आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची झोप पहिल्यापासून सावध. फिल्टर सुरू केला त्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, रात्रभर कुणीतरी चूळ भरत होतं गं." त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, पण मला फार वाईट वाटलं. आवाज दोन ठिकाणांहून येत होता. पहिला नळीच्या तोंडाशी फुटणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांचा, दुसरा लाकडी फळीवर थरथरणाऱ्या पंपाचा. पहिल्यावर उपाय असा की उभ्या नळीच्या आत, जिथे हवा सुटते तिथे, एक छोटा एअर स्टोन, म्हणजे बारीक छिद्रांचा दगड, बसवला. बुडबुडे बारीक झाले, गडगड थांबली आणि पाणीही आधीपेक्षा सारखं वर चढायला लागलं. काही फिल्टरांत हा दगड बसवण्याची जागा करून दिलेली असते, आमच्यात ती नव्हती. नळी सोडवून हाताने बसवावा लागला. दुसऱ्यासाठी पंपाखाली जाड फोमचा तुकडा ठेवला. पंपाच्या तळाला हवा आत घेण्याचं भोक असतं, ते झाकलं जाणार नाही असा तुकडा कापला. आता खोलीत पाय ठेवल्यावर एक हलकी सळसळ ऐकू येते. गेल्या पावसाळ्यात पंपाचं आतलं रबर फाटलं आणि एक रात्र सगळं बंद राहिलं, तेव्हा अण्णा पहाटे चारला उठून मला हाक मारायला आले. आवाज थांबल्यामुळे त्यांना जाग आली होती.

पंपाबद्दल आणखी दोन गोष्टी. तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरू शकतं. नळीत मधे चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, हवाच. तो उलटा बसला तर हवा जातच नाही, म्हणून बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघायचं. फिल्टरच्या खोक्यात हा व्हॉल्व्ह नसतो आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नसतो. ही माझी बनवणाऱ्यांविषयीची खरी तक्रार आहे. एवढासा भाग, पण तो नसेल तर जमिनीवर पाणी आणि पाण्यात वीज. दुसरी गोष्ट म्हणजे हवा कमी करायची असेल तर नळी दाबून किंवा व्हॉल्व्ह आवळून कोंडू नका, पंपाच्या रबरावर ताण येतो. टी-जोड लावून जास्तीची हवा बाहेर सोडून द्या.

प्रवाह किती ठेवायचा हे मी खाण्याची पूड टाकून ठरवलं. पूड पृष्ठभागावरून निवांत सरकत टाकीच्या दुसऱ्या टोकाला जायला दहा-बारा सेकंद लागतील एवढाच. या वेगाला मासे पोहताना दिसतात, झगडताना दिसत नाहीत. जुना पंप बंद केल्यावर साधारण आठवड्याने ते आडोशातून बाहेर आले. आधी दोघे, मग सगळे. मधल्या मोकळ्या पाण्यात एकमेकांपासून बोटभर अंतरावर तरंगत राहायचे. प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, पण कुणी टाकीपुढून गेलं की एका क्षणात सगळ्यांची तोंडं एका दिशेला. असा एकदम वळणारा थवा या माशांत सतत दिसत नाही. निर्धास्त असले की ते सैल घोळक्यातच राहतात, धोका वाटला की एकवटतात. दिवसभर घट्ट थव्याने फिरणारे मासे म्हणजे घाबरलेले मासे, हे मला तोवर माहीत नव्हतं. रंगही परतला. नर एकमेकांसमोर पर ताणून उभे राहिले की लाल असा उजळतो, जणू आतून दिवा लावलाय. यासाठी ते पुरेसे हवेत. पाच-सहा आणले तर एखादा नर उरलेल्यांना छळतो आणि बाकीचे लपून बसतात. दहाच्या खाली ठेवू नयेत असं मला वाटतं.

आता चुकीचं सांगते. दुसऱ्या महिन्यात दोन्ही स्पंज गाळाने जड झाले होते. घरी पाहुणे होते, घाई होती, मी दोन्ही काढले आणि सरळ नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं आणि माझ्या स्पंजातली पाच आठवड्यांची वस्तीही जंतूंचीच. चौथ्या दिवशी मासे वरच्या थरात जमले, रंग उडालेले. अमोनिया शून्याऐवजी ०.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अर्धा भाग. सहा दिवस रोज तीस टक्के पाणी बदललं, खाणं जवळजवळ बंद ठेवलं. एक मासा गेला. तेरांचे बारा झाले. मुलाने व्हिडिओ थांबवून तीनदा मोजलं आणि काही न बोलता उठून गेला. तो मासा माझ्या हाताने गेला आणि ते मला अजून लागतं.

आता धुण्याची पद्धत ठरलेली आहे. आठवड्याला २० टक्के पाणी बदलते, तेही एअर पंपाच्या नळीएवढ्या बारीक नळीने, म्हणजे मासा ओढला जाण्याची भीती नाही. वेळ लागतो, वीसेक मिनिटं, तेवढ्यात मी बसून मासे बघते. दर पाच-सहा आठवड्यांनी एकच स्पंज काढायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. जोडस्पंजाचा मोठा फायदा हाच आहे, अर्धी वस्ती कायम शाबूत राहते. काढताना स्पंजावर पाण्यातच एक प्लास्टिकची पिशवी खालून चढवायची आणि पिशवीसकट वर उचलायचा. तसं केलं नाही तर त्यातला गाळ ढगासारखा टाकीभर पसरतो. मग टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत चार-पाच वेळा पिळायचा. तो पांढराशुभ्र करायचा नसतो, फक्त मोकळा करायचा असतो. बादलीतलं तपकिरी पाणी कुंड्यांना घालते. मनीप्लांटची पानं या वर्षी तळहाताएवढी झाली आहेत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा फिल्टर कुणालाही घ्यायला सांगेन. दुपारी दीड-दोनच्या सुमारास, घरात सामसूम असते तेव्हा, मासे स्पंजापाशी येतात. एकेक जण स्पंजाला तोंड लावून टिपतो, मागे सरकतो, पुन्हा टिपतो. जवळून बघितलं तर स्पंजाच्या पृष्ठभागावर एक मऊसर थर असतो, त्यात अडकलेले खाण्याचे कण असतात आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील असे हलणारे जीव. या माशांचं तोंड इतकं लहान की साधं फ्लेकसुद्धा बोटांच्या चिमटीत पीठ होईपर्यंत चुरावं लागतं. आठवड्यातून दोनदा मी आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची अंडी मिठाच्या पाण्यात उबवते. दिवसभरात अर्ध्या मिलिमीटरचे नारिंगी जीव बाहेर पडतात आणि ते खाऊन माशांची पोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत नारिंगी दिसतात. जुन्या फिल्टरमध्ये यातले निम्मे जीव पाच मिनिटांत फटीत गायब व्हायचे. आता जे सुटतात ते स्पंजावर जाऊन बसतात आणि मासे तिथून टिपतात. त्यामुळे हा फिल्टर त्यांच्यासाठी चरण्याचं कुरणही झाला आहे. दुसऱ्या कुठल्याही प्रकारात हे मी पाहिलेलं नाही.

आठव्या महिन्यात याच स्पंजाच्या मागच्या बाजूला, काच आणि स्पंज यांच्या मधल्या बोटभर जागेत, अण्णांना भिंगातून काहीतरी दिसलं. ते वर्तमानपत्र वाचायला भिंग वापरतात. "काचेचा तुकडा हलतोय," म्हणाले. चार मिलिमीटरचं पारदर्शक पिल्लू होतं, दोन डोळे आणि मागे एक दोरा. हे मासे झाडांत अंडी विखुरतात आणि पुढे त्यांच्याकडे बघतही नाहीत, सापडली तर स्वतःच खातात. त्यामुळे एखादं पिल्लू वाढलं तर ते झाडांच्या दाटीमुळे, स्पंजावरच्या खाण्यामुळे आणि ओढून घेणारी फट नसल्यामुळे. एकूण तीन वाढली. बारांचे पंधरा असे झाले. दोन महिन्यांनी पहिल्याच्या अंगावर काळी रेघ दिसली त्या दिवशी अण्णांनी माझ्या मुलाला शाळेतून आल्या आल्या दारातच सांगितलं.

उणिवा आहेत. स्पंज फिल्टर पाण्याला चकाकी आणत नाही. बारीक तरंगते कण दिव्याखाली दिसत राहतात. मला ते चालतं, मी देशी बदामाची वाळलेली पानं टाकते आणि आमचं पाणी मुळात तपकिरीच असतं. ज्यांना आरशासारखं पाणी हवं त्यांना हा आवडणार नाही. छोट्या टाकीत दोन काळे गोळे बरीच जागा खातात. आम्ही पुढे लाकूड आणि त्यावर जावा मॉस लावून तो निम्मा झाकला, पूर्ण झाकला जात नाही. बुडबुडे फुटतात तिथून बारीक तुषार उडतात आणि काचेच्या झाकणावर आणि दिव्यावर पांढरे क्षाराचे डाग पडतात, दर पंधरा दिवसांनी पुसावे लागतात. आणि झाडांसाठी कोणी कार्बन डायऑक्साइड सोडत असेल तर सतत हलणाऱ्या पृष्ठभागातून तो उडून जातो, त्यांनी दुसरं काही बघावं. पाणी फार आम्ल ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना, पीएच ६च्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं, मग फिल्टर कोणताही असो. तेव्हा मासे थोडे आणि खाणं हात राखून. आमचा ६.६च्या आसपास असतो.

वीज जाते तेव्हाही याची बाजू उजवी ठरते असं मला वाटतं. स्पंज उघड्या पाण्यात असतो, बंद डब्यातल्या फिल्टरसारखा आतल्या आत कुबट होत नाही. पण बरेच तास हवा नसेल तर वस्ती गुदमरतेच, म्हणून सेलवर चालणारा छोटा पंप घरात ठेवला आहे. वर्षभरात दोनदा लागला.

एकच स्पंज असलेला छोटा फिल्टर घ्यावा की जोडस्पंजाचा, असं विचारलं तर २० लिटरपर्यंत एकाचा पुरतो, पण धुताना सगळी वस्ती एकदमच हातात येते आणि मग हलक्या हाताने धुण्यावर सगळी मदार. जागा असेल तर जोडच घ्या. भोकं मध्यम असलेला बघा. फार बारीक भोकांचा दोन आठवड्यांत तुंबतो, फार जाड भोकांच्या स्पंजात पिल्लं शिरू शकतात. रंग काळा. निळ्या-हिरव्या स्पंजापुढे या माशांचा लाल रंग मला तरी मार खाताना दिसला.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीने टाकी आणली. तिलाही असेच छोटे मासे हवेत, एंबर टेट्रा. तेही दोन सेंटिमीटरच्या आसपासच राहतात. तिची आई मला विचारत होती, पाणी तयार व्हायला खरंच महिना लागतो का. मी दुकानातून तसाच एक सुटा स्पंज आणला आणि आमच्या फिल्टरच्या डाव्या बाजूला लावला, तिथला जुना काढला. आमच्या टाकीत वर्षभर काही आजार नाही याचा विचार करूनच. जुना स्पंज टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या पिशवीत ठेवला, वर हवेला जागा सोडली. त्यातून दोन गोगलगायी जातील हे तिच्या आईला आधीच सांगितलं. मुलाने पिशवी दोन्ही हातांत धरली होती, मासे असल्यासारखी. त्यांच्याकडे पोहोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत स्पंज पाण्यात गेला, पंप सुरू झाला. मी त्यांना सांगितलंय, तरीही रोज पाणी तपासा, दोन आठवडे थांबा आणि मग आधी सहाच मासे आणा, महिन्याने आणखी सहा. आमच्या नव्या स्पंजावर अजून थर बसलेला नाही. दुपारी मासे उजव्या बाजूलाच जातात.